चक्रधर स्वामी बंडखोर होते का? भंडाऱ्यातून पैठणच्या सभेपर्यंतची गोष्ट

धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारणारा आणि त्याची किंमत मोजणारा माणूस म्हटलं की येशू ख्रिस्ताचं नाव पटकन आठवतं. पण असाच एक माणूस साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्या विदर्भात पायी फिरत होता. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी.

परंपरेनुसार ते मूळचे गुजरातमधल्या भडोचचे, प्रधानाचे पुत्र. घर सोडून ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आले आणि तिथं त्यांना गोविंदप्रभू हे गुरू भेटले. पुढच्या भटकंतीत ते भंडाऱ्यालाही आले. इथले नीळभट्ट भांडारेकर घरदार सोडून त्यांच्या मागे निघाले.

मग ते असं वेगळं काय सांगत होते?

त्यांनी वेदांचं प्रामाण्य मानलं नाही. संन्यासाची दारं त्यांनी बायका आणि शूद्रांसाठीही उघडली. शिष्यांनी चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागावी, असा त्यांचा नियम होता. शिकवण द्यायचे ती संस्कृतमध्ये नाही, तर लोकांच्या मराठीत.

आणि मासिक पाळी? शरीरातून इतर स्राव बाहेर पडतात तसाच हाही एक, त्याचा विटाळ कसला, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. म्हणूनच त्यांच्याभोवती बायकांची संख्या मोठी होती. त्यांतल्या महदाईसा पुढे मराठीतल्या आद्य कवयित्री ठरल्या.

पैठणच्या सभेत काय झालं?

तो काळ देवगिरीच्या यादवांचा. त्यांचा मंत्री हेमाद्री व्रतवैकल्यांवर भलेमोठे ग्रंथ लिहीत होता. महानुभाव ग्रंथांनुसार स्वामींना पैठणला सभेपुढे उभं केलं गेलं. बायका त्यांच्याकडे ओढल्या जातात, हाही एक आक्षेप होता. शिक्षा म्हणून त्यांचं नाक कापलं गेलं. नंतर ते उत्तरेकडे निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. काही अभ्यासकांच्या मते मात्र त्यांची हत्या झाली.

त्यांच्यानंतर काय उरलं?

म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' रचलं. पंथातल्या विद्वानांना संस्कृतमध्ये लिहायचं होतं, तेव्हा स्वामींचे शिष्य नागदेवाचार्यांनी नकार दिला. कारण एकच, साध्या म्हाताऱ्या बायकांना ते कळलं नसतं. पुढे हे ग्रंथ सांकेतिक लिपीत गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांसाठी बंदच राहिले.

मग बंडखोर म्हणायचं का?

त्यांना राज्य उलथायचं नव्हतं, कायदे बदलायचे नव्हते. त्यांचं ध्येय मोक्ष होतं आणि नियम प्रामुख्याने संन्याशांसाठी होते. पण मोक्ष सगळ्यांचा म्हटल्यावर कुणाच्या घरचं खायचं, कोणत्या भाषेत बोलायचं, कुणाला शिवायचं नाही, हे सगळे नियम आपोआप मोडत गेले. सत्तेला खुपलं ते हेच.

आजही कित्येक घरांत पाळीच्या दिवसांत बाई बाजूला बसते. त्या घरांसाठी चक्रधर स्वामींचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.