मुळीपासून गोळीपर्यंत : डॉ. रुस्तम जाल वकील

मनोविकारावरच्या औषधांचा इतिहास सांगताना पॅरिस, न्यूयॉर्क अशी नावे येतात. त्यात मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचाही वाटा आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. डॉ. रुस्तम जाल वकील हे त्यांचे नाव. मनोविकार हा त्यांचा विषय नव्हता, पण त्यांच्या कामामुळे सर्पगंधा ही आपल्याकडची वनस्पती जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत भरली.

वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण लंडनला घेऊन ते मुंबईत परतले आणि केईएम रुग्णालयात काम करू लागले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेची गोळी घ्या, एवढेच डॉक्टर सांगत.

सर्पगंधेची मुळी मात्र वैद्यांना माहीत होती. झोप यावी म्हणून, वेड शांत व्हावे म्हणून ती दिली जाई. बिहारकडे तर ती वेडावरचे औषध म्हणूनच ओळखली जाई. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले होते. तरीही बाहेरच्या जगाने लक्ष दिले नाही.

वकील यांनी हे औषध रुग्णांना देऊन प्रत्येकाचा रक्तदाब मोजला, फरक लिहून ठेवला. अशा ५० रुग्णांवरील निरीक्षणे त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली. ती वाचून बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा वापरून पाहिली. रक्तदाब उतरलाच, शिवाय रुग्ण शांतही झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे केले. तेच रेसरपिन. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. क्लोरप्रोमाझिनच्या जोडीने रेसरपिन हे पहिल्या मनोविकारविरोधी औषधांपैकी एक ठरले. १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार वकील यांना मिळाला, तेव्हा त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत क्लाइन होते आणि क्लोरप्रोमाझिनवर काम करणारे लाबोरी, डेनिकर व लेहमनही होते.

पण औषधाची दुसरी बाजूही दिसू लागली होती. रेसरपिन घेणाऱ्यांना चक्कर, सुस्ती, नाक चोंदणे, पोटात जळजळ होई. काहींचे हात थरथरत, अंग ताठरे. काही जण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. त्याबद्दल तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. कारण स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांच्या प्रयोगांतून पुढे आले. मेंदूच्या पेशींत डोपामिनसारखी रसायने साठवलेली असतात. रेसरपिन हा साठा रिकामा करते. डोपामिन कमी झाल्याने भ्रम-भास ओसरतात, पण हालचालींनाही तेच डोपामिन लागते. म्हणून गुण आणि त्रास एकाच वाटेने येतात.

आज मनोविकारावर रेसरपिन वापरत नाहीत. नवी औषधे साठा रिकामा करत नाहीत, बहुतेक औषधे डोपामिनला पेशीवर काम करण्यापासून अडवतात. त्यांतल्या काहींनी कंप, ताठरपणा किंवा एका जागी बसवेनाशी अस्वस्थता येते. काहींनी वजन आणि साखर वाढते. क्लोझापिन घेणाऱ्यांना ठरावीक काळाने रक्तातील पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. येरवड्याच्या मनोरुग्णालयात असो की पेठेतल्या दवाखान्यात, औषध सुरू करतानाच वजन, कंबरेचा घेर, साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांची नोंद करून घ्यावी आणि पुढच्या नोंदी तिच्याशी ताडून पाहाव्यात.

त्रास झाला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. आजार उलटण्याचा धोका असतो. डॉक्टरांना सांगितले तर मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते. मात्र जोराचा ताप, लाकडासारखे ताठ झालेले अंग आणि बरळणे एकत्र दिसले, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. तोंडाच्या किंवा जिभेच्या नकळत हालचाली सुरू झाल्या, तर तेही लगेच कळवावे.

काष्ठौषधींच्या दुकानात सर्पगंधा मिळते, म्हणून ती निर्धोक समजू नये. रेसरपिन तिच्या मुळीतच असते आणि कोणत्या मुळीत किती, ते डोळ्यांना दिसत नाही. रक्तदाबाच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या चालू असताना ती मनाने घेतली, तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. नैराश्य असलेल्यांनी तर ती टाळावीच. घरात कुणी घेत असेल, तर डॉक्टरांना आणि वैद्यांना दोघांनाही सांगावे.

वकील यांना १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले. डॉक्टरांच्या अखिल भारतीय संघटनेने काढलेल्या वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे ते पहिले संपादक होते. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. मुळीचा गुण त्यांच्या आधीही लोकांना माहीत होता. तो किती, कुणाला आणि काय किमतीवर, हे मोजून लिहिण्याची शिस्त त्यांनी लावली. औषध घेणाऱ्याच्या घरातल्या माणसांनीही एका वहीत रोजची मात्रा आणि दिसलेला त्रास लिहून ठेवावा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्या वहीची फार मदत होते.