चाबी नसलेल्या घड्याळाचा माणूस

आजोबांची एचएमटी ऑटोमॅटिक कपाटात पडल्या पडल्या बंद पडते, म्हणून तुम्ही मोर्शीतल्या भंगारातून जुन्या मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर उचलली, तिच्यावर डबा बसवला आणि त्यात घड्याळ ठेवलं. डबा रात्रभर फिरला, सकाळी घड्याळ बंदच! आता जरा थांबा. मोटर उघडण्याआधी जॉन हारवुडला भेटून घ्या, चूक कुठं झाली ते तोच दाखवील.

हा इंग्लंडमधल्या बोल्टनचा, जन्म 1893 चा. धंदा घड्याळदुरुस्तीचा. पहिल्या महायुद्धात मनगटी घड्याळं शिपायांच्या हातावर आली आणि नंतर बिघडून दुरुस्तीच्या टेबलावर. हारवुडच्या लक्षात आलं, की रोग बहुतेक वेळा एकच आहे. चाबी देण्याच्या बटणासाठी जे भोक असतं, त्यातूनच धूळ आणि ओल आत शिरते, तेल खराब होतं. दुसरा कोणी असता तर भोकाला चांगलं बूच शोधत बसला असता. यानं भोकच नको म्हटलं.

पण मग चाबी कशी द्यायची? त्यानं आत एक वजन टांगलं. हात हलला की ते झुलायचं आणि स्प्रिंग गुंडाळायचं. कल्पना तशी जुनी. स्वित्झर्लंडमध्ये 1770 च्या दशकातच खिशातल्या घड्याळांवर ती करून झाली होती, पण खिसा हलतो किती? मनगट मात्र दिवसभर हलतं. काटे लावायचे तर काचेभोवतीची कडी फिरवायची, बटणाचं कामच नाही.

1923 साली त्यानं स्विस पेटंटसाठी अर्ज केला, 1924 मध्ये ते मिळालं. फोर्टिस कंपनीनं घड्याळ करायला घेतलं आणि 1926 मध्ये बासेलच्या प्रदर्शनात मांडलं. 1928 मध्ये हारवुडच्या नावाची कंपनीही उभी राहिली. मग जागतिक मंदी आली. 1931 साली कंपनी बुडाली. त्याच वर्षी रोलेक्सनं पूर्ण गोल फिरणाऱ्या वजनाचं पेटंट घेतलं, आणि पुढं ऑटोमॅटिक म्हटलं की लोकांना रोलेक्सच आठवायचं. हारवुडचं श्रेय त्या कंपनीनं जाहिरातीत छापून मान्य केलं ते 1956 साली. पुढच्या वर्षी ब्रिटिश घड्याळजींच्या संस्थेनं त्याला सुवर्णपदक दिलं. तोवर माणूस साठीच्या पुढे गेला होता.

आता तुमचा डबा. वजन खाली ओढलं जातं म्हणून ते फिरतं, बरं का. घड्याळ तबकडी वर करून आडवं ठेवलं, की वजनाला 'खाली' अशी बाजूच उरत नाही; ते घड्याळासोबतच गोल फिरतं आणि स्प्रिंग ढिम्म. डबा उभा करा, तबकडी तुमच्याकडे तोंड करून हवी. शिवाय रात्रभर फिरवायची गरज नाही. दिवसाला 700 च्या आसपास फेरे बहुतेक घड्याळांना पुरतात. मोटर मिनिटाला 6 फेरे देत असेल तर दोन तासांत 720 होतात, म्हणून एक टायमर लावा. आणि मोटर 230 व्होल्टची असेल तर वायर उघडी ठेवू नका.

हारवुडचं वजन मात्र पूर्ण गोल फिरत नसे. दोन बाजूंच्या स्प्रिंगांवर आपटून ते परत यायचं, आणि पूर्ण भरलेलं घड्याळ चालायचं जेमतेम बारा तास. रात्री काढून ठेवून सकाळी उशिरा उठलात, तर तेही बंदच सापडायचं.