गीझरमधला बन्सेन

लालबागला एक गल्ली आहे, गॅस कंपनी लेन. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तेव्हाच्या बॉम्बे गॅस कंपनीची ही आठवण. कोळशाचा तो गॅस कधीच गेला. आता गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांत पाइपने नैसर्गिक गॅस येतो. पण मोरीतल्या जुन्या गॅस गीझरचं झाकण काढलं, की आत भेटतो तो दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचाच माणूस. रॉबर्ट बन्सेन. होय, आपल्या केमिस्ट्री लॅबमधला बर्नरवाला!

जन्म १८११ चा, जर्मनीतल्या ग्योटिंगेनचा. १८३४ मध्ये त्याने आर्सेनिकच्या विषावर उतारा शोधला. पुढे आर्सेनिकच्याच एका संयुगाचा स्फोट होऊन उजवा डोळा कायमचा गेला, विषबाधेतून कसाबसा वाचला. तरी गडी थांबला नाही. लोखंडाच्या भट्टीतून सुटणारे वायू तपासून त्याने दाखवलं, की निम्म्याहून जास्त उष्णता वायाच जाते. त्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड भरपूर. हे नाव लक्षात ठेवा.

१८४६ मध्ये स्वारी आइसलंडला. तिथे जमिनीतून गरम पाणी उसळतं, त्या झऱ्याचं नाव गेसिर. बन्सेनने आत थर्मामीटर सोडले. वरच्या पाण्याच्या दाबामुळे तळाचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. ते जरा वर सरकलं, दाब घटला, की एकदम उसळी! १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉनने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि या झऱ्यावरून त्याला नाव दिलं गीझर.

दरम्यान हायडेलबर्गला बन्सेनच्या नव्या प्रयोगशाळेत गॅस आला होता. पण ज्योत पिवळी, काजळी धरणारी. त्याने युक्ती काढली: गॅस जळण्याआधीच त्यात हवा मिसळायची. १८५५ मध्ये मेकॅनिक पेटर देसागाने तसा बर्नर बनवला. ज्योत निळी, स्वच्छ, कडक! पेटंट मात्र बन्सेनने घेतलंच नाही. याच ज्योतीच्या उजेडात त्याने किर्खहोफबरोबर १८६०-६१ मध्ये सिझियम आणि रुबिडियम शोधले. लग्न केलं नाही, १८८९ पर्यंत शिकवत राहिला, १८९९ मध्ये गेला.

गीझरमध्ये आजही तीच युक्ती आहे. म्हणून दुरुस्तीला माणूस आला, की आधी ज्योत बघायची. पिवळी असेल तर हवेची वाट धुळीने-काजळीने बुजली असण्याची शक्यता मोठी. बर्नर साफ करून घ्या. सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना जेटही बदलावे लागतात, कारण दोन्ही गॅसचा दाब आणि लागणारी हवा वेगळी. तसा बदल त्या मॉडेलमध्ये होत नसेल, किंवा तांब्याची नळी गळत असेल, तर नवा घेतलेला बरा.

आणि नवाकोरा गीझरही बंद मोरीत नको. दार-खिडकी लावून घेतली की प्राणवायू कमी होतो आणि भट्टीतला तो कार्बन मोनॉक्साइड मोरीत तयार होतो. रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळ करताकरता कोसळतो. मुंबईतही असे जीव गेलेत. धूर बाहेर नेणारा पाइप हवा, बाहेरची हवा आत यायला झरोका हवा. ज्योतीला हवा द्या, एवढंच तर बन्सेनने सांगितलं होतं.