भुयारी रेल्वेचे शिल्पकार चार्ल्स होल्डन

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनवर उत्तरेकडे कॉकफॉस्टर्सला जाणाऱ्या गाडीत काही प्रवासी असे असतात, की त्यांना कुठेच पोहोचायचे नसते. ते एकेका स्थानकावर उतरतात, तिकीटघराचे छत मान उंचावून न्याहाळतात आणि मागून येणाऱ्या गाडीने पुढचे स्थानक गाठतात. राजवाडे आणि चर्च पाहावेत तशी ही स्थानके पाहिली जातात. ती ज्यांच्या प्रतिभेतून साकारली, ते वास्तुविशारद चार्ल्स होल्डन स्वतः मात्र मानसन्मानापासून कटाक्षाने दूर राहिले.

१२ मे १८७५ रोजी इंग्लंडमधील बोल्टन येथे एका कापड दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते धाकटे. ते नऊ वर्षांचे असताना वडिलांचे दिवाळे निघाले. कुटुंब सेंट हेलेन्सला आले आणि वडिलांनी पुन्हा कारखान्यातील कारागिरी पत्करली. पंधराव्या वर्षी आईचे छत्रही हरपले. होल्डन यांनी प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आणि रेल्वेत कारकून म्हणून काही काळ नोकरी केली. १८९२ मध्ये मँचेस्टरच्या एका वास्तुविशारदाकडे त्यांची उमेदवारी सुरू झाली. पुढे लंडनला पर्सी ॲडम्स यांच्या कचेरीत ते रुजू झाले आणि १९०७ मध्ये तेथे भागीदार झाले. ब्रिस्टलचे मध्यवर्ती ग्रंथालय ही त्यांच्या या काळातील गाजलेली वास्तू.

पहिल्या महायुद्धाने या आयुष्याला वेगळे वळण दिले. युद्धभूमीवरून जखमी सैनिकांना घेऊन रुग्णगाड्या लंडनच्या रेल्वे स्थानकांत येत. तेथून त्यांना रुग्णालयात हलवणाऱ्या रेडक्रॉसच्या पथकात होल्डन स्ट्रेचर उचलण्याचे काम करीत. १९१७ मध्ये त्यांची रवानगी फ्रान्सला झाली, ती मृत सैनिकांच्या थडग्यांची नोंद ठेवणाऱ्या विभागात. युद्धोत्तर दशकात त्यांनी फ्रान्स आणि बेल्जियममधील ६९ युद्ध दफनभूमींवर काम केले. नक्षी नाही, दिमाख नाही, फक्त दगड आणि प्रमाणबद्धता. अनावश्यक ते सारे गाळून टाकण्याची ही शिस्त त्यांच्या पुढच्या वास्तूंतही कायम राहिली.

भुयारी रेल्वेचे अधिकारी फ्रँक पिक यांच्याशी त्यांचा परिचय १९१५ मधला. सामान्य माणसाच्या रोजच्या वापरातील वस्तूही नेटकी आणि सुंदर असली पाहिजे, यावर दोघांचे एकमत होते. दक्षिण लंडनमध्ये मॉर्डनपर्यंत वाढविलेल्या मार्गावरील स्थानके पिक यांनी होल्डन यांच्याकडे सोपवली. १९२६ मध्ये ती खुली झाली. पांढऱ्या पोर्टलंड दगडाचा साधा दर्शनी भाग आणि मध्यभागी उंच काच, असे त्यांचे रूप. दिवसा या काचेतून प्रकाश आत येई आणि रात्री आतील दिव्यांनी ती उजळून निघे. अंधाऱ्या रस्त्यावरही स्थानक दुरून ओळखता येई.

पिकॅडिली सर्कसचे काम याहून अवघड होते. या स्थानकाचे प्रवासी १९०७ मधील १५ लाखांवरून १९२२ पर्यंत १ कोटी ८० लाखांवर गेले होते. वर गजबजलेला चौक असल्याने जमिनीवर जागा मिळणे अशक्यच. तेव्हा चौकाच्या पोटातच लंबवर्तुळाकार तिकीटघर खोदण्यात आले आणि तेथून फलाटांकडे ११ सरकते जिने नेण्यात आले. होल्डन यांनी त्या पोकळीला संगमरवरी रूप दिले. १९२८ च्या डिसेंबरमध्ये ते प्रवाशांसाठी खुले झाले.

पुढच्याच वर्षी सेंट जेम्सेस पार्क स्थानकावर रेल्वेचे मुख्यालय उभे राहिले. क्रुसाच्या आकाराच्या या इमारतीसाठी होल्डन यांनी जेकब एपस्टाइन यांच्याकडून शिल्पे करवून घेतली. त्यातील नग्नतेवरून वृत्तपत्रांनी गदारोळ केला. प्रकरण इतके चिघळले, की पिक यांनी राजीनामा देऊ केला. अखेर शिल्पात किरकोळ बदल झाला, पण शिल्पे जागची हलली नाहीत.

१९३० मध्ये होल्डन आणि पिक यांनी जर्मनी, हॉलंड, डेन्मार्क आणि स्वीडनचा अभ्यासदौरा केला. त्याचे पहिले फलित म्हणजे १९३१ चे सडबरी टाउन. विटांच्या उंच भिंती, त्यात उभ्या काचा आणि वर काँक्रीटचे सपाट झाकण, बस्स. १९३२ च्या आर्नोस ग्रोव्हमध्ये हीच कल्पना वर्तुळात फिरली. ढोलासारख्या गोल तिकीटघराच्या मध्यभागी एकच खांब असून छत त्याच्या आधाराने पेललेले आहे. चहूबाजूंच्या काचांतून येणारा प्रकाश प्रवाशाला निरोप देतो. १९३३ चे साउथगेट दुरूनही नजरेत भरते. त्याच्या सपाट गोल छतावर दिव्यांचा मनोरा आहे आणि आत सरकत्या जिन्यांच्या कडेने कांस्याचे दिवे उभे आहेत.

१९३६ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब मात्र त्यांनी १९४३ आणि १९५१ मध्ये, असा दोनदा नाकारला. इमारत ही अभियंते, गवंडी आणि कारागीर अशा अनेक हातांतून उभी राहते, तिचे श्रेय एकट्याने कसे घ्यायचे, अशी त्यांची धारणा होती. राहणीही तशीच साधी होती. १ मे १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

आर्नोस ग्रोव्ह आणि साउथगेट आज संरक्षित वारसा वास्तू आहेत. तरीही ती संग्रहालये झालेली नाहीत. घाईत निघालेला प्रवासी आजही त्याच गोल छताखालून गाडी गाठतो. त्याला होल्डन हे नाव ठाऊक असतेच असे नाही आणि होल्डन यांची त्याला हरकत नसती.