कै. लक्ष्मीबाई टिळक

एखाद्याचें मन खचलें म्हणजे लोक त्यास वेडा ठरवितात. आणि तो ख्रिस्ती असला तर त्याचा विश्वासच उणा, असेंही कोणी म्हणतात. असे बोल आम्हां फुलसावंगीच्या मुलांच्याही कानीं पडले आहेत. म्हणून आम्हीं हें चरित्र निवडलें आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें गोखल्यांच्या घरीं झाला. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या आईच्या वडिलांस फांशी झाली. त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांस सोंवळ्याचें विलक्षण वेड लागलें. बाजारचा जिन्नस धुतल्यावांचून त्यांस चैन पडत नसे. भयानें ग्रासलेलें मन लक्ष्मीबाईंनीं असें लहानपणींच पाहिलें.

बालवयांतच त्यांचा विवाह कवि नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना रेल्वेंत एका युरोपियन गृहस्थानें टिळकांस नवा करार दिला. पुढें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तें वर्तमान ऐकून लक्ष्मीबाईंवर जणूं आकाशच कोसळलें. पति जिवंत असून संसार संपला! लहानग्या दत्तूस घेऊन त्या पंढरपुरास बहिणीच्या आश्रयास राहिल्या. मन ठिकाणावर राहीना; अन्न गोड लागेना. अक्षरओळख बेताचीच, तरी त्या दुःखांतूनच त्यांस कविता स्फुरूं लागली, आणि तेवढाच जिवास विसावा मिळूं लागला.

कांहीं वर्षांनीं त्या पतीकडे अहमदनगरास आल्या, त्या स्वतःचें सोंवळें संभाळूनच. टिळकांनीं धर्माची सक्ति केली नाहीं. प्रथम जातिभेदाची गांठ मनांतून सुटली, मग विश्वास उगवला. १९०० सालीं त्यांनीं स्वेच्छेनें बाप्तिस्मा घेतला. पित्याच्या घरीं ज्या विटाळाच्या भयानें ठाण मांडलें होतें, तें टाकून ह्या कन्येनें पुढें नगरास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली.

९ मे १९१९ रोजीं टिळक निवर्तले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. १९३४ पासून त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांत आपले खचलेले दिवस त्यांनीं लपविले नाहींत. उलट स्वतःच्या फजितीवर त्या मोकळेपणानें हंसल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

बाप्तिस्म्यानें त्यांचीं दुःखें संपलीं नाहींत. मात्र तीं सोसतांना त्या एकट्या राहिल्या नाहींत. एलीया संदेष्टा झुडपाखालीं मरण मागूं लागला, तेव्हां देवदूतानें त्यास प्रथम भाकर व पाणी दिलें. त्याच्या निराशेबद्दल दोष दिला नाहीं. मन खचणें हा आजार असूं शकतो व त्यावर औषधोपचार आहेत, हें आज आपणांस ठाऊक आहे. डॉक्टरांकडे जाणें म्हणजे देवास सोडणें नव्हे. तेव्हां, वाचक बंधुभगिनींनो, आपल्या शेजारीं कोणी असा खचला असेल, तर त्यास उपदेश करण्यापूर्वीं आपण त्याच्याजवळ जाऊन बसूं या.