जेम्स औट्रम

सर जेम्स औट्रम (२९ जानेवारी १८०३ – ११ मार्च १८६३) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील सेनाधिकारी व राजकीय प्रतिनिधी होते. त्यांचा जन्म इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात झाला. वडील बेंजामिन औट्रम हे स्थापत्य अभियंते होते. त्यांचे निधन जेम्स दोन वर्षांचे असतानाच झाले. पुढील शिक्षण स्कॉटलंडमध्ये घेऊन औट्रम १८१९ मध्ये मुंबई सैन्यात दाखल झाले.

१८२५ मध्ये त्यांना खानदेशात पाठविण्यात आले. तेथे त्यांनी ज्या भिल्लांविरुद्ध कंपनीची मोहीम चालू होती त्यांच्यातूनच शिपाई भरती करून भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. भिल्लांचा विश्वास त्यांनी शिकारीतील सहवासाने मिळवला, हे खरे. परंतु ही पलटण कंपनीची सत्ता डोंगरात पोचविण्याचे साधन होती, हेही विसरता येत नाही.

सिंधमध्ये सर चार्ल्स नेपियर यांनी प्रथम त्यांची मुक्तकंठाने स्तुती केली. मात्र सिंधच्या अमिरांना अन्यायाने राज्यभ्रष्ट केले, असे मत औट्रम यांनी मांडल्यावर दोघांत कायमचे वैर आले. पुढे सातारा व नंतर बडोदा येथे ते रेसिडेंट होते. बडोद्यातील लाचलुचपतीवर त्यांनी सरकारला अहवाल दिला. या व्यवहारांसाठी रूढ असलेला ‘खटपट’ हा शब्द त्यामुळे इंग्रजी कागदपत्रांतही शिरला. अहवालाचे फळ म्हणून १८५१ मध्ये औट्रम यांनाच बडोदा सोडावे लागले.

१८५६ मध्ये अवध खालसा झाले तेव्हा ते लखनौचे रेसिडेंट होते. पुढच्याच वर्षी त्याच शहरात त्यांना लढावे लागले. पदाने वरिष्ठ असूनही त्यांनी मोहिमेचे नेतृत्व हेन्री हॅवलॉक यांच्याकडे राहू दिले. २५ सप्टेंबर १८५७ रोजी दोघे रेसिडेन्सीत पोचले आणि स्वतःच वेढ्यात अडकले. नोव्हेंबरमध्ये सर कॉलिन कॅम्पबेल यांनी त्यांची सुटका केली.

औट्रम यांची जनमानसातील प्रतिमा मुख्यत्वे या भेटीच्या चित्रावर उभी आहे. अॅग्न्यू या चित्रविक्रेत्यांसाठी टॉमस जोन्स बार्कर यांनी हे तैलचित्र १८५९ मध्ये रंगविले. बार्कर लखनौला गेलेच नव्हते. स्वीडिश चित्रकार एग्रोन लुंडग्रेन यांनी भारतात केलेली रेखाटने त्यांनी आधाराला घेतली. लुंडग्रेनही १८५८ मध्ये, म्हणजे प्रसंग घडून गेल्यावर येथे आले होते. पुढे चार्ल्स जॉर्ज लुइस यांनी हे चित्र पत्र्यावर कोरले. तांब्याचा पत्रा लवकर झिजतो. पोलादाच्या पत्र्यावरून मात्र हजारो प्रती निघत. म्हणून व्हिक्टोरियाकालीन चित्रविक्रेत्यांचा खरा नफा मूळ चित्रात नव्हे, तर त्याच्या कोरीव प्रतींत असे. सेनानींची अशी चित्रे घरोघरी भिंतींवर लागत. चित्रातील हॅवलॉक भेटीनंतर आठवडाभरातच, २४ नोव्हेंबरला, वारले होते. औट्रम यांच्यासमवेतचा तो क्षण त्यामुळे अधिकच भावपूर्ण ठरला. लखनौच्या सामान्य रहिवाशांवर काय गुदरले, हे मात्र त्या चित्रातून कळत नाही.

चित्रात न आलेली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मार्च १८५८ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांनी अवधमधील जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा औट्रम यांनी त्यास हरकत घेऊन तो सौम्य करवून घेतला.

त्याच वर्षी त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. १८६० मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी भारत सोडला. फ्रान्समधील पो येथे त्यांचे निधन झाले व दफन लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत झाले. चाळीसगाव–कन्नड मार्गावरील घाट आजही औट्रम घाट या नावाने ओळखला जातो.