न्यायमूर्ती रानडे आणि घरचा खांब

पौष वद्य एकादशीस श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेला आपण सारे त्र्यंबकेश्वरी जमतो. त्याच नाशिक जिल्ह्यात, शहराच्या पूर्वेला निफाड गाव आहे. तेथे १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मास आले. वारकऱ्यांनी त्यांना परके मानू नये. तुकोबांचे अभंग हे त्यांचे पहाटेचे धन होते. आणि १९०० साली निघालेल्या मराठ्यांच्या इतिहासावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी संतांसाठी एक स्वतंत्र प्रकरण घातले.

त्यांच्या लहानपणची एक गोष्ट घरोघर सांगतात. सोंगट्या खेळायला सोबती नव्हता, तेव्हा महादेवाने घरच्या खांबालाच गडी केले. एका हाताने खांबाचे दान टाकायचे, दुसऱ्या हाताने आपले. डाव खांबाने जिंकला! मोठी माणसे हसली. एखाद्या दानाची लबाडी केली असती तर खांब काय तक्रार करणार होता? पण पोराने ती केली नाही.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची व इंग्रजी राज्याची तुलना केली आणि मनाला पटले ते लिहिले. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट रागावले. सहा महिने शिष्यवृत्ती बंद झाली. ग्रँट हे मोठे विद्वान, पण येथे गुरूच चुकले असे आम्हांस वाटते. खरे लिहिल्याबद्दल दंड झाला, की बाकीची मुले काय शिकणार? गुरुजींना आवडेल तेच लिहावे, हेच ना! आपले मत सोडून दुसऱ्याचे उतरवण्याची सवय अशीच लागते. रानड्यांना ती लागली नाही, ही त्यांची पुण्याई.

पुढे त्याच कॉलेजात ते स्वतः शिकवू लागले. १८७३ साली लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना त्यांनी स्वतः लिहायला-वाचायला शिकवले. १८७८ च्या सुमारास ते नाशकास न्यायाधीश होते, तेथेही हा अभ्यास चालूच राहिला. गोपाळराव गोखल्यांनी तर त्यांना गुरूच मानले. १८९३ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले व १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांनी देह ठेवला.

आज परीक्षेत भरारी पथके फिरतात, कॉपीमुक्त अभियाने चालतात. ते योग्यच. पण पथक गेल्यावर वर्गात उरतो तो मास्तरच. निकाल चांगला दिसावा म्हणून त्याने डोळे मिटले, तर कॉपी मुलाने केली खरी, पण शिकवली मास्तराने. आणि चुकलेल्या पण स्वतःच्या उत्तराला त्याने गोंजारले, तर त्या मुलाला पहारा लागणार नाही.

माळ गळ्यात घातली तरी तिची लाज आपणच राखायची असते. आमच्यात मास्तर आहेत, आईबापही आहेत. घरच्या खांबासमोरही पोर खरे खेळेल, इतके तरी आपण त्याला देऊ या.

रामकृष्ण हरि.